अक्षराच्या मापाची पाटी

चि. बाळ हिस,


तुझं पाकीट पोचलं. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी तू काढलेली देवनागरीची तिन्ही वळणं, म्हणजे नेहमीच्या रुंदीचं, थोडं आवळलेलं आणि अगदी चिंचोळं, मी आल्या दिवशीच खिडकीशी मांडून पाहिली, आणि तुझ्या आजीनेही चष्मा पुसून पाहिली. तिला मधलं आवडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती रोज विचारते, कळवलंत का म्हणून. तू लिहितेस की वर्गात दोन तट पडलेत. एक म्हणतो, चिंचोळी अक्षरं महामार्गावरून हद्दपारच करावीत. दुसरा म्हणतो, पत्रा महाग, जागा अपुरी, गावांची नावं ही एवढी लांब, मग अक्षर जरा चिंचोळं केलं तर बिघडलं कुठे? तुला पहिला तट पटतो, निबंध सोमवारी द्यायचाय, आणि आजोबांनी उभा जन्म ड्रॉइंग ऑफिसात नकाशांवर अक्षरं लिहिण्यात काढला म्हणून त्यांचं मत हवंय. देतो, बाळ. तुझा कल भल्या बाजूलाच असणार याची मला खात्री होती. ज्याला दुरून नीट दिसत नाही त्याची काळजी तू पहिल्यापासून करत आलीस. मला धाकधूक आहे ती फक्त त्या सोमवारची.

आधी चिंचोळेपणाचा तोटा किती ते पाहू. अमेरिकेतल्या महामार्गांच्या अक्षरांना लोक 'हायवे गॉथिक' म्हणतात, आणि त्यात एकाच वळणाच्या अनेक रुंद्या आहेत: ए ही सर्वांत चिंचोळी मालिका, ती आता वापरातून गेली, मग बी, सी, डी, ई, आणि सर्वांत ऐसपैस एफ. १९३९ साली फोर्ब्ज आणि होम्स या दोघा संशोधकांनी ही अक्षरं किती दुरून वाचता येतात ते मोजलं. डी मालिकेचं अक्षर दर इंच उंचीमागे सुमारे ५० फुटांवरून वाचता आलं आणि बी मालिकेचं सुमारे ३३ फुटांवरून. उंची तीच, फक्त अंग आवळलेलं आणि रेघ बारीक, तरी एक तृतीयांश अंतर गेलं! आता सहा इंची अक्षर धर. डीमध्ये ते ३०० फुटांवरून दिसेल, बीमध्ये २०० फुटांवरून. मधले १०० फूट म्हणजे साधारण ३० मीटर, आणि ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, तेव्हा चालवणाऱ्याच्या हातून सव्वा सेकंद गेला. घरात बसून सव्वा सेकंद काहीच वाटत नाही. पण फाटा उजवीकडे असताना डावीकडच्या रांगेत असलेल्या माणसाला विचार, मागे ट्रक असताना तेवढ्या वेळात तो आरशात बघून घेतो आणि शांतपणे रांग बदलतो, आणि तेवढाच वेळ हातात नसला की तो ब्रेक दाबतो.

हा आकडा वाचून तू लगेच कागद ओढशील आणि 'चिंचोळी अक्षरं बंद' असं लिहून मोकळी होशील, म्हणून जरा थांब, चहा घे, आणि दुसऱ्या तटाचं म्हणणं त्यांच्याइतक्याच आपुलकीने मांडून बघ. ते म्हणतील, उंची तीच ठेवून तुलना करणं हाच अन्याय आहे. पाटीची लांबी ठरलेली असते, तेव्हा चिंचोळं अक्षर त्याच लांबीत अधिक उंच काढता येतं, आणि उंच अक्षर दुरून दिसतं. बरोबर आहे त्यांचं. बी मालिकेचं अक्षर दीडपट उंच केलं की हरवलेलं अंतर परत मिळतं. पण उंचीबरोबर त्याची रुंदीही दीडपट होते, मग शेवटी पाटीची लांबी खरोखर किती वाचली ते पट्टी लावून मोजावं लागतं, आणि पाटी उंच तर नक्कीच झाली. उंच पाटी वारा जास्त धरते, तिला जाड खांब लागतो, खोल पाया लागतो. म्हणजे पत्र्यात वाचवलेला पैसा लोखंडात आणि सिमेंटात जातो. काटकसर मला प्रिय आहे हे तुला ठाऊकच आहे, पेन्सिलचं थोटूक टोपण लावून वापरतो म्हणून तुम्ही सगळी पोरं मला हसता, पण काटकसर कुठली करायची हे पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

आणि हा हिशेब आपल्या देवनागरीत आणखी अवघड होतो, त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही, म्हणून मी जरा ऐसपैस लिहितो. रोमन अक्षराला वर-खाली फार काही नसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि जोडाक्षराचा पायही खाली उतरणारा. त्यामुळे अक्षर चिंचोळं करून उंच करायचं म्हटलं की ही सगळी मंडळीही उंच होतात आणि दोन ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शिवाय आपल्या किती अक्षरांना उभा दंड आहे ते बघ: ख, ग, घ, च, ज, त, थ, न, प, ब, म, य, स, आणि त्यात काना आला की दुसरा दंड. आवळलेल्या देवनागरीत हे दंड एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि लांबून शब्दाच्या जागी कुंपणाच्या काठ्याच दिसतात. रोमनमध्ये चालून गेलेला चिंचोळेपणा मराठीत तसाच चालेल असं कुणी म्हणालं तर त्याला आधी 'पाचगणी' लिहून दाखव.

त्याहून नाजूक जागा म्हणजे शिरोरेषेतली फट. भ आणि म यांत, ध आणि घ यांत दुरून ओळखायला ती फटच काय ती असते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. ते 'भोर' चिंचोळ्या आणि जाड वळणात लिही, फट अर्धी बुजव, वर रिफ्लेक्टिव्ह शीटवर रात्री हेडलाइटचा झोत पडू दे. उजळलेलं पांढरं अक्षर हिरव्या पाटीवर कडांनी पसरतं, उरलीसुरली फट भरून काढतं, आणि नवख्या माणसाला 'मोर' दिसतो. 'धाराशिव'च्या पहिल्या अक्षराचं हेच. आणि र-व शेजारी फार जवळ आले की ख वाटतो, हे तर तुला शाळेतल्या बाईंनीच शिकवलं असेल. खंडाळा, खोपोली, खालापूर, खेड अशा नावांच्या मुलखात तो घोटाळा परवडत नाही. अक्षराची रुंदी म्हणजे केवळ ऐटीची बाब नव्हे, तिच्यातच या फटी राहतात. तुझ्या तिसऱ्या वळणात भ आणि म शेजारी ठेवून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तर मला ते जुळे भाऊ वाटले. (आजीला तेवढे वाटले नाहीत, पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिची नजर सध्या माझ्याहून चांगली आहे.)

आता तुला इंग्लंडची हकिकत सांगतो, कारण या सगळ्या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं मोटरवे बांधायला घेतले, आणि त्यांच्या पाट्यांचा विचार करायला १९५७ साली अँडरसन समिती नेमली. काम दिलं जॉक किनियर यांना, आणि त्यांनी सोबत घेतलं मार्गारेट कॅल्व्हर्ट हिला. ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती आणि तेव्हा विशीतच होती, बाळ, तुझ्याच वयाची. १९५८च्या डिसेंबरात प्रेस्टन बायपास खुला झाला तेव्हा त्यांच्या पाट्या पहिल्यांदा लोकांपुढे आल्या, पुढे वॉरबॉइज समितीने १९६३ साली बाकी रस्त्यांसाठीही तेच स्वीकारलं, आणि १९६५च्या जानेवारीपासून देशभर पाट्या बदलू लागल्या. त्या अक्षराचं नाव 'ट्रान्सपोर्ट'. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या पाट्यांची इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:६७ ही संहिता आहे ना, तिच्यातल्या रोमन अक्षरांवरही त्याचीच छाप आहे.

त्यांनी काय केलं ते नीट ऐक. पूर्वीपासूनची रीत अशी, की पाटी आधी कापायची आणि मग तिच्यात नाव बसवायचं. किनियर-कॅल्व्हर्ट यांनी ही रीत उलटी केली. आधी रस्त्याचा वेग बघायचा, त्यावरून अक्षराची उंची ठरवायची, अक्षराच्या रेघेची जाडी हेच माप धरून ओळींमधली आणि कडेची जागा आखायची, आणि सगळा मजकूर मोकळेपणी बसल्यावर त्याच्याभोवती पाटी कापायची. म्हणूनच ट्रान्सपोर्टमध्ये मीडियम आणि हेवी अशा दोन जाड्या आहेत, एक गडद पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी आणि एक फिक्या पाटीवरच्या काळ्या अक्षरांसाठी, पण चिंचोळं ट्रान्सपोर्ट त्यांनी काढलंच नाही. गरजच उरली नाही! आणि प्रत्येक अक्षर एका अदृश्य फरशीवर बसवलेलं, फरशीच्या दोन्ही कडांना त्या अक्षराला लागेल तेवढी जागा आधीच सोडलेली. कारखान्यातल्या माणसाने फरशा एकमेकींना भिडवून ठेवल्या की अक्षरांमधलं अंतर आपोआप बरोबर येतं. मी बोरूपासून रोट्रिंग पेनापर्यंत सगळ्यांनी अक्षरं काढली आहेत, आणि तुला सांगतो, अंतर राखण्यातच माणसाचा दम लागतो. त्या दोघांनी तो दम आधीच घेऊन ठेवला, पुढच्या प्रत्येकासाठी.

विरोध झाला, आणि विरोध करणारा लेचापेचा नव्हता. डेव्हिड किंडर्सली हे दगडात अक्षरं कोरणारे नामांकित कारागीर. त्यांचं म्हणणं, या पाट्या अवाढव्य होतात. सगळी मोठ्या लिपीतली, टोकांना सेरिफ असलेली अक्षरं नीट काढली तर कमी जागेत तेवढीच दुरून वाचता येतात. मग बेन्सनच्या विमानतळावर चाचणी घेतली. माणसं ओळीने बसवली आणि पाट्या लावलेली गाडी त्यांच्या दिशेने चालवली. कोणती पाटी आधी वाचता येते ते त्यांनी सांगायचं. निकालात किंडर्सलींची अक्षरं किंचित सरस ठरली. तरी निवड झाली ती किनियर यांच्या अक्षरांची, कारण फरक नाममात्र होता आणि दिसण्यात त्यांचं वळण अधिक रुचलं. तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या तटाला ही हकिकत जरूर सांग. तुझ्या बाजूच्या निबंधातही किंडर्सलींचं नाव मानाने यायला हवं. इतकी वर्षं झाली तरी त्यांचा मुद्दा खोटा ठरलेला नाही.

घाई झाली की काय होतं ते पाहायचं असेल तर पुन्हा अमेरिकेत जाऊ. त्यांच्या महामार्गावरच्या मोठ्या हिरव्या पाट्यांवर ई मालिकेचंच एक जाड केलेलं रूप असे. ते जाड का, तर जुन्या काळी अक्षराच्या रेघेत चमकणारी बटणं बसवत, आणि बटणं मावायला रेघ रुंद लागे. पुढे रिफ्लेक्टिव्ह शीट आलं, बटणं गेली, रेघ मात्र जाडच राहिली, आणि शीट जसजसं तेजस्वी होत गेलं तसतशी रात्री e आणि a यांची पोटं उजेडाने भरू लागली. हे वयस्क चालकांना विशेष जाचत होतं. डॉन मीकर आणि जेम्स माँटाल्बानो यांनी त्यावर 'क्लिअरव्ह्यू' काढलं: रेघ सडपातळ, पोटं मोकळी, लहान लिपी उंच. २००४ साली महामार्ग प्रशासनाने त्याला तात्पुरती मान्यता दिली, २०१६च्या जानेवारीत ती काढून घेतली, आणि २०१८ साली तिथल्या संसदेने कायदा करून ती परत द्यायला लावली! काढून घेताना सांगितलेलं एक कारण तू वहीत लिहून ठेव: सुरुवातीला जो फायदा दिसला तो बराचसा जुन्या विटलेल्या पाट्यांशी नव्या झगझगीत पाट्यांची तुलना केल्यामुळे दिसला. फिक्या पाटीवरच्या काळ्या अक्षरांत तर नवं वळण जुन्याच्या मागेच पडलं. आणि रुंदीची गोष्ट तिथंही सुटली नाही. नवं अक्षर मोकळं बसवलं तर शब्द लांब होतो, जुन्या पाटीच्या जागी तेवढीच पाटी बसवायची असते, म्हणून अक्षरांमधलं अंतर आवळलेलं एक वेगळं रूप काढावं लागलं. ज्या मोकळेपणासाठी एवढी खटपट केली, त्यातलाच थोडा पत्र्याच्या मापापायी परत द्यायचा, हे वाचताना मला फार हळहळ वाटली.

जर्मनांचा मार्ग मधला आहे. त्यांच्या डीआयएन १४५१ या १९३६च्या मानकात मध्यम रुंदीचं वळण नेहमीसाठी आणि चिंचोळं अडचणीसाठी. मध्यम बसतच नसेल तेव्हाच चिंचोळ्याकडे जायचं. त्यांची गावांची नावं आपल्याहून लांब असतात, तेव्हा त्यांना हे दार ठेवावं लागलं असेल.

माझं मत आता सांगतो. देवनागरीत महामार्गासाठी एकच पूर्ण रुंदीचं वळण असावं, आणि तुझ्या आजीला आवडलेलं ते मधलं वळण अडचणीसाठी कपाटात ठेवावं. ते काढावं केव्हा, तर रस्त्याच्या कडेला खरोखर जागा नसेल तेव्हा, गल्लीच्या तोंडाशी, पुलाच्या कठड्यावर. आणि ते पाटीवर सगळ्याच ओळींना सारखं लावावं. सुरूर फाट्याकडून आमच्या वाईला येणाऱ्या रस्त्याची नावं घे: वाई, पाचगणी, महाबळेश्वर. पूर्वी हाताने पाट्या रंगवणारे काही पेंटर तिन्ही ओळी सारख्या लांबीच्या करायच्या म्हणून वाई ताणत आणि महाबळेश्वर चेपत; पाटी चौकटीत सुबक दिसे, पण ज्या नावासाठी सगळ्यात जास्त परकी माणसं त्या रस्त्याला येतात तेच सगळ्यात कष्टाने वाचावं लागे. ओळी कमी-जास्त लांबीच्या राहू देत. 'छत्रपती संभाजीनगर'सारखं लांब नाव दोन ओळींत घ्यावं, पाटी मोठी करावी, एका पाटीवर चार गावं कोंबण्याऐवजी दोनच लिहावीत आणि बाकीची पुढच्या पाटीवर. काटकसर करायचीच तर मजकुरात कर. आणि कॉम्प्युटरवर अक्षर दोन्ही बाजूंनी धरून दाबायचं, हे कधीच करू नकोस, कुणाला करूही देऊ नकोस. तसं दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच जाड राहतात, आणि शिरोरेषा सगळ्या शब्दाच्या डोक्यावर बसते. चिंचोळं हवं असेल तर प्रत्येक अक्षर नव्याने काढावं, तू काढलंस तसं. तुझ्या चिंचोळ्या वळणातला 'झ' किती विचारपूर्वक वाकवलाय! तो पाहून माझ्या जुन्या हेड ड्राफ्ट्समनची आठवण झाली. ते असते तर त्यांनी तो कागद सगळ्या ऑफिसभर फिरवला असता.

मात्र हे सगळं माझं मत आहे, आणि ते माझ्या डोळ्यांनी बनवलंय. तुझं तुझ्या डोळ्यांनी बनू दे. त्यासाठी पहाटे उठायची सवय तुला आहेच, ती इथं कामी येईल. रात्री काढलेलं अक्षर झाकून ठेव आणि सकाळी, अजून कुणाशी बोलली नसशील तेव्हा, भिंतीला लावून मागे मागे सरक. रात्री जी फट तुला मोकळी वाटली होती ती सकाळी किती पावलांवर बुजते ते कळेल. एखादी खरी पाटी उगवतीला बघ, सूर्य तिच्या मागे असताना. मग तीच दिवेलागणीला बघ, आणि पावसात काचेतून बघ. तीच पाटी तुझ्या बाबांना, तुझ्या मैत्रिणीला, रिक्षावाल्या काकांना दाखवून विचार, त्यांना केव्हा वाचता आली. या कामाला एक पावसाळा लागेल. निबंध सोमवारी द्यायचा असेल तर दे, बापडी, गुरुजनांचा शब्द मोडू नये, पण त्यात 'बंदी घाला' असं लिहिण्याऐवजी 'मी हे मोजायला घेतलंय' असं लिही. तुझे सर समजूतदार असतील तर त्यांना तेच जास्त आवडेल.

पुढच्या पत्रातून मला या नावांच्या छापील प्रती हव्यात, पहिल्या आणि मधल्या वळणात, हिरव्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं असं दोन्ही: भोर, धाराशिव, खंडाळा, महाबळेश्वर, श्रीवर्धन. अक्षराची उंची सगळीकडे सारखी ठेव, शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंत मोज, वेलांटी-उकार त्यात धरू नकोस, आणि ती उंची कोपऱ्यात मिलिमीटरमध्ये लिही. समोरच्या शाळेच्या मैदानावर मी आणि आजी टेप घेऊन जाऊ. तिची नजर आणि माझी नजर वेगवेगळी नोंदवून पाठवतो. कागद पाकिटात घडी घालून पाठवू नकोस, घडीची रेघ नेमकी भच्या फटीवर आली होती या वेळी. गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत घाल.

तुझे,
आजोबा